गाडीचं दुखणं : रिकामी पिकअप उडते कशाने?

प्रश्न : काका, नमस्कार. माझ्याकडे दीड टनी पिकअप आहे. आधीच्या मालकाने ती चिरेखाणीवर चालवली, मी घेतली कलमांच्या बागेसाठी. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या, जास्तीत जास्त आठशे किलो, आणि अधूनमधून थोडा काजू. बाकी वर्षभर हौदा रिकामा आणि घरची गाडीही तीच. आईला गुडघ्यांच्या उपचारासाठी रत्नागिरीला न्यायचं असतं. पाली-हातखंबा येईपर्यंत गाडी मागून इतकी उडते की आई म्हणते, "यापेक्षा एस.टी. बरी." गावातला गॅरेजवाला म्हणतो, मागचे तीन पाटे काढून टाकू. कोल्हापूरचा मित्र म्हणतो, अख्खा एक्सलच हलक्या गाडीचा बसव. तिसऱ्याने महागडे शॉकअप सुचवलेत. कोणाचं ऐकू?
– एक बागायतदार, लांजा

उत्तर : आईचं ऐका. एस.टी.च्या कार्यशाळेत माझी सगळी नोकरी गेली. आमच्या वेळच्या लाल गाड्याही पाट्यांवरच, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या कमानीवरच चालायच्या, पण त्यात पन्नास माणसं आणि टपावर त्यांची गाठोडी असायची. तीच गाडी रात्री रिकामी डेपोत न्यायची म्हटली की ड्रायव्हर कुरकुरायचे. गाडी तीच, पाटे तेच, फक्त वजन उतरलेलं. तुमच्या पिकअपचं दुखणं एवढंच आहे. ती बिघडलेली नाही. जे वजन तिच्यासाठी धरलं होतं ते तिच्यावर नाही.

हे मोजता येतं, आणि पाना हातात घेण्याआधी मोजावंच. गाडी सपाट जागी लावा. एक्सलच्या हाऊसिंगपासून, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या जाड नळीपासून, वर चासीपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजून लिहून ठेवा. मग सिमेंटच्या दहा गोणी, म्हणजे पाचशे किलो, बरोबर मागच्या एक्सलच्या रेषेवर हौद्यात रचा आणि पुन्हा मोजा. समजा, चासी ४ सेंटिमीटर खाली आली. म्हणजे १२५ किलोला एक सेंटिमीटर असा तुमच्या दोन्ही कमानींचा मिळून कडकपणा. आता गोणी उतरवा, वजनकाट्यावर जा आणि फक्त मागची चाकं काट्यावर घ्या. समजा ७२० किलो भरलं. त्यातून एक्सल, चाकं, ड्रम यांचे अंदाजे १७० किलो वजा करा, कारण ते वजन कमानीवर नसतंच, ते कमानीखाली असतं. राहिले ५५०. म्हणजे रिकामी असताना कमान जेमतेम ४.४ सेंटिमीटर दबलेली.

आता पाचला या ४.४ च्या वर्गमुळाने भागा. साधारण २.४ येतं. गाडीचा मागचा भाग सेकंदाला एवढे हेलकावे घेतो. माणसं बसायच्या मोटारींत हा आकडा एक ते दीडच्या आसपास राहील असं बघितलेलं असतं. त्यावर गेलं की हेलकावा संपून हादरा सुरू होतो, आणि तुमच्या आईच्या गुडघ्यांना तोच लागतो. आता हेच गणित एक टन माल धरून करा : १५५० किलो, १२.४ सेंटिमीटर, आकडा १.४. भरलेली असताना हीच गाडी मोटारीसारखी चालते! चिरेवाल्याला ती कधी उडल्यासारखी वाटली नसेल, ते यामुळे.

आता गॅरेजवाल्याच्या तीन पाट्यांकडे येऊ. कमानीत सारख्या जाडीचे सात पाटे आहेत असं धरतो. त्यातले तीन काढले तर उरतात सातातले चार, म्हणजे कडकपणा साधारण ५७ टक्के. १२५ चे झाले ७१. रिकाम्या गाडीचा आकडा येतो १.८. फरक पडेल, आईला कळेल एवढा पडेल. गॅरेजवाला खोटं बोलत नाही. पण तो पुढचं बोलत नाही. त्या चार पाट्यांवर आठशे किलो आंबा चढवलात की चासी आणखी ११ सेंटिमीटर खाली येणार. चासी एक्सलवर आपटू नये म्हणून मधे असलेला रबरी बंप स्टॉप तोवर टेकतो की काय ते आधी मोजा. शिवाय प्रत्येक पाट्यावरचा ताण पावणेदोन पट. असा पाटा अंगणात तुटत नाही. तो आंबा घाटात तुटतो, तेही भरलेल्या गाडीत आणि वळणावर.

आणखी एक. पुष्कळ ठिकाणी "पाटा काढला" म्हणजे सगळ्यात खालचा जाड, सरळ हेल्पर काढलेला असतो, कारण तो काढायला सोपा. गाडी रिकामी असताना हेल्पर वरच्या कमानीला लागलेलाच नसतो, मधे फट असते. तो काढून रिकामी गाडी मऊ कशी होईल? भरल्यावर मात्र त्याची गरज असते आणि तेव्हा तो भंगारात पडलेला असतो. आणि सगळ्यात वरचा मेन पाटा व त्याच्या खालचा दुसरा, या दोघांना कोणी हात लावू देऊ नका. मेन पाट्याचा डोळा, म्हणजे टोकाचा गोल वळसा, तुटला तर दुसरा पाटा एक्सलला धरून ठेवतो. तो नसेल तर एक्सल तिरका होतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते.

पाटे मोजण्यापेक्षा त्यांची जाडी बघा. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. १० मिलिमीटरच्या पाट्याजागी ८ मिलिमीटरचा आला तर त्याचा कडकपणा जवळजवळ निम्माच असतो. म्हणून "सहा पाट्यांची कमान नऊ पाट्यांपेक्षा मऊच" असं कोणी सांगितलं तर कॅलिपर लावून बघा.

मग करायचं काय? स्वस्तातलं आधी.

चाकांतली हवा. दरवाजाच्या चौकटीवर स्टिकर असतो. त्यावर बहुतेक वेळा रिकाम्या गाडीची हवा वेगळी आणि भरलेल्या गाडीची वेगळी दिलेली असते. खाणीवरून आलेल्या गाडीत बारा महिने भरलेल्या गाडीची हवा असते, आणि पेट्रोल पंपावरचा पोरगा विचारतही नाही. स्टिकर बघा, रिकाम्याची ठेवा, त्याच्या खाली जाऊ नका. खात्री करायची असेल तर टायरवर आडवी खडूची रेघ ओढा, डांबरी रस्त्यावर शंभर पावलं गाडी चालवा आणि बघा. रेघ फक्त मधेच पुसली असेल तर हवा अजून जास्त आहे. सगळीकडे सारखी पुसली की झालं.

मग कमान उघडायची. हे काम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं आणि तेच कोणी करत नाही. पाटे एकमेकांवर घासत वाकतात. आपल्याकडचा पाऊस, लाल चिखल आणि खाणीची भुकटी मधे जाऊन गंज धरतो, सात पाटे मिळून एक लोखंडी तुळई होते, आणि बारीक खड्ड्यात कमान हलतच नाही. दोन टोकांना पकडून बसलेली कमान तुम्ही कितीही मोजलीत तरी आकडा खोटा येणार. म्हणून कमान उतरवा, पाटे सुटे करा, तारेच्या ब्रशने घासा, प्रत्येक पाट्यावर केसाएवढी चीर आहे का बघा, टोकांची नायलॉनची पॅड झिजली असतील तर बदला आणि ग्राफाइट ग्रीस लावून परत बांधा. शॅकलचे, म्हणजे कमानीचं टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या पट्टीचे, बुशही त्याच वेळी बदला. बुश जाम असेल तर कमानीला लांब व्हायला वाव राहत नाही, आणि लांब होता आलं नाही तर दबणार कशी? कमान एक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवे घ्या. जुना ताणलेला यू-बोल्ट परत आवळला तर तो धरेल याची शाश्वती नसते. टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळा आणि पाचशे किलोमीटरनंतर परत एकदा बघा, कारण नवे यू-बोल्ट बसताना ढिले होतात. ते ढिले झाले की पाटे एकत्र धरणाऱ्या मधल्या सेंटर बोल्टवर सगळा भार येतो आणि तो कापला जातो.

शॉकअप. हे वजन उचलत नाहीत, हेलकावा फक्त थांबवतात. महागडे जाडजूड शॉकअप म्हणजे बहुतेक वेळा भरलेल्या गाडीसाठी कडक केलेले. रिकाम्या गाडीला ते आणखी दणका देतील. आहेत ते गळत असतील, रबर फाटलं असेल तर कंपनीचेच नवे घाला. तिसऱ्या मित्राला चहा पाजा आणि सोडून द्या.

आणि सीट! आईची सीट कोणी बघितली का? मालगाडीच्या सीटचा फोम चिरेवाल्याकडे किती वर्षं बसला असेल. तो बदला. केबिनखालची रबरी माउंटिंग बघा, ती चपटी झाली असतील तर चासीचा प्रत्येक हादरा थेट पाठीत येतो. लोक एक्सल बदलायला निघतात आणि सीट तशीच ठेवतात, हे मला आजवर कळलेलं नाही.

कोल्हापूरच्या मित्राचा हलका एक्सल. तुमच्या गाडीचं हाऊसिंग जड आहे हे खरं, आणि कमानीखालचं वजन जास्त असलं की चाक खड्ड्यातून उसळतं हेही खरं. पण त्या जडपणाला कारण आहे. अशा मालगाड्यांत बऱ्याचदा फुल फ्लोटिंग एक्सल असतो : गाडीचं वजन हाऊसिंगवरच्या हब बेरिंगवर असतं आणि आतला शाफ्ट फक्त चाक फिरवतो. शाफ्ट मोडला तरी चाक जागेवर राहतं. हलक्या मोटारींत बहुधा सेमी फ्लोटिंग असतो, तिथे तोच शाफ्ट वजनही पेलतो. त्यावर आठशे किलो आंबा? शिवाय ब्रेक लहान, नटबोल्टची जागा वेगळी, चाकांमधलं अंतर वेगळं. आणि क्राउन-पिनियनचं, म्हणजे एक्सलच्या आतल्या दोन दातेरी चाकांचं, प्रमाण वेगळं. समजा तुमचं ४.८८ आहे आणि नवीन ४.१० आलं, तर ज्या वेगाला इंजिन २८०० फेरे घ्यायचं तिथे आता साडेतेवीसशेच्या आसपास घेईल. हायवेला गोड वाटेल. भरलेली गाडी घेऊन घाट चढताना मात्र एक गिअर खाली जाल आणि क्लच जाळाल. एक्सलला हात लावू नका. त्याचं ऑइल बदला, बेरिंग बघा, बस.

एक गोष्ट मला कोणी विचारत नाही आणि मी सगळ्यांना सांगतो. एक्सलवर एक बारीक दांडी असते, ती वर चासीवरच्या एका व्हॉल्व्हला जोडलेली असते. एल.एस.पी.व्ही. म्हणतात त्याला. चासी आणि एक्सलमधलं अंतर बघून तो ठरवतो की मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा. अंतर जास्त म्हणजे गाडी रिकामी, दाब कमी. अंतर कमी म्हणजे माल आहे, दाब जास्त. तुम्ही पाटे मऊ केलेत, रिकामी गाडीच खाली बसली. व्हॉल्व्हला वाटतं माल भरलाय. तो मागे पूर्ण दाब सोडतो. पहिल्या पावसात, रस्त्यावर लाल माती आलेली असताना ब्रेक दाबा, मागची चाकं जागच्या जागी थांबतील आणि शेपूट पुढे यायला बघेल. गाडी उंच केलेल्यांचं उलटं : मागचा ब्रेक लागतच नाही. कमानीची उंची एका बोटाने जरी बदलली तरी ती दांडी नव्याने जुळवून घ्या.

आता कायद्याचं. मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम ५२. आर.सी.वर नोंदलेल्या तपशिलाशी आणि उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंडाचं सोडा. अपघात झाला आणि विम्याच्या सर्वेक्षकाने गाडीखाली वाकून सातातले चार पाटे मोजले तर तुम्ही काय सांगाल? तुमच्या गाडीला पासिंगही आहे, आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी.

सरळ वाट एकच दिसते. एकाच मॉडेलच्या पिकअप वेगवेगळ्या वजनक्षमतेत येतात. त्यातल्या कमी वजनाच्या गाडीची कंपनीची कमान तुमच्या हँगरना बसते का ते सर्व्हिस सेंटरला लेखी विचारा, तो कागद घेऊन रत्नागिरीच्या आर.टी.ओ.त जा आणि परवानगी मिळाली तरच बसवा. बसवलीत की माल त्या कमी वजनाच्या हिशेबाने भरायचा. आठशे किलो त्यात बसत असेल तर प्रश्न मिटला. नाही बसत तर मी तरी आंब्याच्या दीड महिन्यासाठी भाड्याचा टेम्पो सांगेन.

पण आधी हवा, ग्रीस, बुश आणि सीट. एवढं करून आईला एकदा रत्नागिरीला नेऊन आणा. पुढचं त्या सांगतील.

प्रश्न : माझी गाडी मासळीच्या क्रेट आणि बर्फ नेते. कमानीचे पाटे सारखे तुटतात. वजन कधीच जास्त भरत नाही. दर पावसाळ्याआधी खालून जळकं ऑइलही मारतो.
– मालवण

उत्तर : तुमचा शत्रू वजन नाही, मीठ आहे. बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या फटींतून थेट कमानीवर ठिबकतं. मिठाने पाट्यावर बारीक खळगे पडतात, आणि वाकणारं पोलाद तुटायला सुरुवात अशाच खळग्यापासून होते. हौद्याला आतून पत्रा घालून पाण्याला मागून एकच नळी काढा, कमानीपासून लांब. रोज बंदरावरून परतल्यावर गोड्या पाण्याने खालून धुवा. रोज म्हणजे रोज. जळकं ऑइल चासीच्या पत्र्याला लावता ते एक वेळ समजतो, पण ते बुशच्या रबराला लागलं की रबर फुगतं आणि मऊ पडतं, ड्रममध्ये गेलं तर ब्रेक गेले, आणि उरलेलं ओघळून तुमच्याच विहिरीकडे जातं. कमानीला ग्राफाइट ग्रीस, चासीला गंजरोधक रंग.

प्रश्न : पावसात व्हाळातून गाडी काढावी लागते. मागच्या एक्सलचं ऑइल दुधासारखं झालंय. सील दोनदा बदलले.
– देवगड तालुका

उत्तर : सील बदलत राहाल. ब्रीदर बघा. हाऊसिंगच्या वर एक बारीक टोपी असते, तिच्यातून एक्सल श्वास घेतो. गाडी चालून तापलेला एक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि आत ओढ लागते. ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर हवा सीलच्या कडेने आत येते, आणि तिथे तर पाणी आहे. ब्रीदर साफ करा. त्याला रबरी नळी लावून तिचं टोक वर हौद्याच्या पातळीला बांधून ठेवा, तोंड खाली वळवून. ऑइल आजच बदला, तशा ऑइलवर क्राउन-पिनियन फार दिवस काढत नाही. आणि व्हाळाला गुडघ्याच्या वर पाणी असेल तर थांबा. पाणी उतरतं.

प्रश्न : माझ्याकडे इसुझूची व्ही-क्रॉस आहे, फक्त घरच्या वापराला. दिसायला रुबाबदार म्हणून दोन इंच उंच करायची आहे. समुद्रावर नेता येईल.
– दापोली

उत्तर : तुमच्या गाडीला पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वरखाली दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग आहे, मागे पाटे. पुढून उचललीत की ड्राइव्ह शाफ्टचे सांधे जास्त तिरके चालतात, अलाइनमेंट बिघडतं आणि टायर एका कडेने खातात. मागे लांब शॅकल घातलेत तर शॅकल जेवढी वाढते त्याच्या निम्मीच गाडी उचलते आणि पिनियनचा कोन बदलतो. शिवाय गुरुत्वमध्य वर गेला. वळणावळणांच्या रस्त्यावर रोज चालवायच्या गाडीला यातलं काय हवंय? कलम ५२ वर लिहिलंच आहे. आणि समुद्रावर गाडी नेऊ नका. ओहोटीला आत गेलेल्या आणि भरतीला टपापर्यंत बुडालेल्या गाड्या आपल्या किनाऱ्यावर दर मोसमात बघायला मिळतात, त्यातल्या बऱ्याच उंच केलेल्या असतात.

प्रश्न : पिकअपच्या मागे पाटे काढून कॉइल स्प्रिंग बसवता येतील का? आमच्याकडचा वेल्डर तयार आहे.
– कुडाळ

उत्तर : वेल्डर तयार असणारच, गाडी तुमची आहे. पाटा दोन कामं करतो : वजन पेलतो आणि एक्सलला पुढेमागे-डावीउजवीकडे धरून ठेवतो. कॉइल फक्त पहिलं काम करते. दुसऱ्यासाठी पुढून येणारे आर्म आणि आडवा पॅनहार्ड रॉड लागतो, आणि त्यांचे ब्रॅकेट चासीवर अशा जागी वेल्ड करावे लागतात जिथे तो भार कधी धरलेलाच नव्हता. वेल्डिंगच्या कडेला चासीला चीर गेली तर ती रंगाखाली दिसत नाही. नको.

प्रश्न : गणपतीत मुंबईची माणसं येणार. पिकअपच्या हौद्यात प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून स्टेशनवरून आणली तर मऊ बसेल ना, वजन असल्यावर?
– कणकवली

उत्तर : गणित बरोबर समजलात, पण माणसं चुकीच्या जागी ठेवलीत. हौद्यात माणूस नाही. रिक्षा सांगा, सामान पिकअपमध्ये घाला.